उन्हाळ्यात ई-स्कूटर चार्ज घेत नाही, रेंज निम्म्यावर आली: बॅटरी बदलण्याआधी हे तपासा

पारा चाळिशीच्या पुढे गेला की सोलापुरात विजेच्या गाड्यांच्या त्याच त्या तक्रारी दरवर्षी नव्याने सुरू होतात. दुपारी जेवायला घरी आल्यावर चार्जर लावला, तासाभराने पाहिलं तर टक्का तिथल्या तिथेच. रात्री लावली, सकाळी पाहावं तर साठ टक्क्यांवर थांबलेली. नाहीतर स्क्रीनवर तीस टक्के दिसत असताना आसरा पुलाच्या चढावर गाडीने मान टाकली. "कालपर्यंत चांगली होती ओ, आता काय झालं की!" असं म्हणत माणूस गाडी ढकलत आणतो, आणि बऱ्याच ठिकाणी त्याला एकच उत्तर मिळतं: बॅटरीचा पॅक गेला, बदलावा लागेल.

या तिन्ही तक्रारी वरून सारख्या दिसतात, पण मुळं वेगवेगळी आहेत. पहिलीच्या मागे बहुतेक वेळा ऊन असतं, दुसरीच्या मागे घरातली वायरिंग, आणि तिसरीतच बॅटरीवर संशय घ्यायला जागा असते. तिथेही पूर्ण पॅक गेलेला असतोच असं नाही. पॅक हा गाडीतला सगळ्यात महाग भाग आहे. मी या गाड्यांच्या दुरुस्तीचं काम करतो, आणि चांगला पॅक काढून नवा बसवल्यावर आठवडाभरात तीच तक्रार घेऊन आलेली माणसं पाहिली की जीव तुटतो. म्हणून तपासणीचा क्रम इथे सविस्तर लिहितो.

आधी गाडी कुठल्या जातीची आहे ते बघा

हे वगळून पुढे जाऊ नका, कारण एका गाडीचा उपाय दुसरीला घातक ठरतो.

फक्त बॅटरीवर चालणारी, इंजिन अजिबात नसलेली गाडी म्हणजे शुद्ध इलेक्ट्रिक. आपल्या बहुतेक स्कूटर, ई-रिक्षा आणि हिरव्या नंबरप्लेटच्या कार यात येतात. हायब्रिडमध्ये पेट्रोल इंजिन असतं आणि सोबत छोटी बॅटरी व मोटर. ती बॅटरी इंजिनावर आणि ब्रेक लावताना भरते, तिला बाहेरून प्लग लागत नाही. प्लग-इन हायब्रिडला दोन्ही असतं, इंजिनही आणि चार्जिंगचं सॉकेटही. चौथी जात फ्युएल सेलची. ती टाकीतल्या हायड्रोजनपासून गाडीतच वीज बनवते. आपल्याकडे रोजच्या वापरात ती दिसत नाही, म्हणून तिचं इथेच थांबवतो.

स्कूटरमध्ये आणखी एक भेद आहे. २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग असलेल्या कमी वेगाच्या गाडीला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. अशा स्वस्त गाड्यांत आणि बऱ्याच ई-रिक्षांत अजून लेड-ॲसिड बॅटरी असतात. बाकीच्यांत लिथियम. लिथियमचेही दोन मुख्य प्रकार आहेत: एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्ट, आणि एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेट. पॅकच्या लेबलवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं. एनएमसीचा सेल ३.६-३.७ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२, एलएफपीचा ३.२ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ३.६५. म्हणूनच एकाचा चार्जर दुसऱ्याला कधीही लावायचा नाही, पिन बसली तरी नाही. शेजाऱ्याचा चार्जर "लावून तर बघू" म्हणून लावणं हे बॅटरीच्या जिवावर उठणं आहे.

चार्ज थांबवतो कोण?

भिंतीतून येते एसी वीज. चार्जर तिची डीसी करतो आणि पॅकला देतो. गाडी चालताना पॅकची डीसी कंट्रोलरकडे जाते, कंट्रोलर तिचे तीन फेज बनवून मोटरला देतो, आणि ॲक्सिलरेटर पिळाल त्या प्रमाणात मोटर जोर लावते. ॲक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक लावला की बऱ्याच गाड्यांत हीच मोटर जनरेटरचं काम करते आणि थोडी वीज परत पॅकमध्ये टाकते.

या सगळ्यांवर पहारा ठेवणारं एक सर्किट पॅकच्या आत असतं: बीएमएस. प्रत्येक सेलगटाचा व्होल्टेज, पॅकचं तापमान आणि जाणारा-येणारा करंट ते सतत मोजत असतं. यातली एक जरी गोष्ट हद्दीबाहेर गेली तरी ते वाट बंद करतं. आत येणारी वाट वेगळी, बाहेर जाणारी वेगळी. म्हणूनच गाडी मस्त चालते पण चार्ज घेत नाही, किंवा चार्ज घेते पण चालत नाही, असे प्रकार होतात. गाडी बंद पडली म्हणजे काहीतरी जळलं असं नसतं. बऱ्याचदा बीएमएसने जळण्यापासून वाचवलेलं असतं. त्याने वाट का बंद केली, एवढंच आपल्याला शोधायचं आहे.

तक्रार पहिली: दुपारी चार्जच घेत नाही

लिथियम सेल चार्ज करायची वरची मर्यादा साधारण ४५ अंश सेल्सिअस असते. चालवायची मर्यादा त्याहून जास्त, साधारण ६० अंशांपर्यंत. हा फरक लक्षात घेतला की निम्मं कोडं सुटतं.

आता एप्रिल-मेमधली आपली दुपार घ्या. सावलीत ४२-४३. गाडी सकाळपासून अक्कलकोट रोड एमआयडीसीत पत्र्याच्या शेडखाली उभी. वरून तापलेला पत्रा, खालून तापलेलं काँक्रीट. त्यात दोन वाजता ती पळवत घरी आणली की करंटमुळे सेल आतून आणखी तापतात. पॅक सहज ४५ च्या पुढे जातो. चालवायला तो परवानगी देतो, कारण ६० अजून लांब आहे. पण चार्जर लावला की बीएमएस आत येणारी वाट बंद ठेवतं.

इथे माणूस फसतो तो चार्जरच्या दिव्यामुळे. वाट बंद असल्याने करंट जात नाही, आणि करंट शून्य झाला की साध्या चार्जरचा समज होतो की बॅटरी भरली. दिवा हिरवा होतो. गाडी पंचेचाळीस टक्क्यांवर, चार्जर हिरवा, पंखा बंद. हे दृश्य दिसलं आणि वेळ दुपारची असली, तर चार्जर गेला म्हणू नका, पॅक गेला म्हणू नका. चार्जर काढा, गाडी सावलीत हवेशीर जागी लावा, सीट उघडून ठेवा आणि दोन-तीन तास थांबा. पॅक बंद डब्यात असतो आणि जड असतो, त्यामुळे तापायला जसा वेळ लागतो तसाच निवायलाही लागतो. अर्ध्या तासात पुन्हा प्लग लावून बघण्यात काही अर्थ नाही. संध्याकाळी तीच गाडी त्याच चार्जरवर चार्ज घ्यायला लागली, तर निदान झालं. बिघाड काहीच नाही.

पॅकवर पाणी मारू नका, ओलं फडकं टाकू नका. काढता येणारा पॅक असेल तर घरात साध्या पंख्याखाली ठेवला तरी चालतो. कूलरसमोर मात्र नको. ती हवा दमट असते आणि कनेक्टरच्या पिनांना ओल सोसत नाही.

कायमचा उपाय म्हणजे चार्जिंगची वेळ बदलणं. मे महिन्यातही पहाटे आपल्याकडे पारा बराच खाली येतो. ॲपमध्ये वेळ लावायची सोय असेल तर पहाटे तीन-साडेतीनला सुरू होईल असं लावा. नसेल तर १६ अँपिअरचा टायमर सॉकेट मिळतो. गाडी पूर्ण भरून दिवसभर उन्हात उभी ठेवणं लिथियमला सगळ्यात जास्त झिजवतं, एनएमसीला तर विशेष. रोजची धाव वीस-पंचवीस किलोमीटर असेल तर उन्हाळ्यात ऐंशी टक्क्यांवर थांबवलेलं चांगलं. जुळे सोलापूरहून नवी पेठेत जाऊन यायला शंभर टक्के लागत नाहीत.

तक्रार दुसरी: रात्री लावली, मध्येच थांबली

पॅक थंड, तरी चार्ज मध्येच तुटतो. आता गाडी सोडा आणि भिंतीकडे या. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा इथे वाया जातो, कारण दोष घरात असतो आणि दुरुस्ती गाडीची चाललेली असते.

आधी प्लग हातात घ्या. अर्धा तास चार्जिंग झाल्यावर स्विच बंद करून प्लग काढा आणि पिनांजवळच्या प्लास्टिकला बोट लावा. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल, पिनांवर काळपट-जांभळा डाग असेल किंवा सॉकेटचं भोक पिवळट पडून कडेने वितळलं असेल, तर दोष सापडला. आतली पितळी पट्टी सैल झालेली असते. सैल जोड म्हणजे रोध, रोध म्हणजे उष्णता, उष्णतेने पट्टी आणखी सैल. मिक्सर दोन मिनिटं चालतो, म्हणून त्याच सॉकेटवर तो कधी तक्रार करत नाही. स्कूटरचा चार्जर चार-पाच तास सलग चार-पाच अँपिअर ओढतो. त्यासाठी १६ अँपिअरचा सॉकेट, मीटरपासून स्वतंत्र वायर आणि त्या वायरला स्वतःचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, हवा. एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी चार्ज करू नका. पार्किंगपर्यंत वायर पोचत नाही म्हणून दोन बोर्ड जोडून, वर पिशवी बांधून केलेली सोय मी अनेक चाळींत पाहिली आहे. त्याने चार्जिंग तुटतं ही लहान गोष्ट आहे, त्याने आग लागते ही मोठी.

मग व्होल्टेज. साधा मल्टिमीटर चारपाचशे रुपयांत मिळतो. त्याची सवय नसेल तर ओळखीच्या वायरमनला बोलवा, २३० व्होल्टशी खेळ नको. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये आधी चार्जर न लावता मोजा, मग चार्जर चालू असताना त्याच बोर्डावरच्या शेजारच्या सॉकेटवर मोजा. दोन-चार व्होल्टचा फरक चालतो. दहा-बारा व्होल्ट पडत असतील तर वायर बारीक आहे किंवा कुठेतरी जोड सैल आहे. चार्जर न लावताच व्होल्टेज कमी दिसत असेल, तर ते बाहेरून येणारं आहे. उन्हाळ्यात रात्री आठ ते अकरा कूलर आणि एसी एकदम चालू असतात, आणि यंत्रमागांच्या भागात लाइनवर दिवसभर ताण असतो. चार्जर किती व्होल्टपर्यंत चालेल हे त्याच्या लेबलवर लिहिलेलं असतं; त्याच्या खाली गेलं की तो थांबतो आणि काही चार्जर परत आपोआप सुरू होत नाहीत. म्हणजे रात्री साडेनऊला व्होल्टेज पाच मिनिटं पडलं आणि गाडी सकाळपर्यंत तशीच राहिली. इथेही पहाटेची वेळच कामाला येते, लाइन तेव्हा हलकी असते. घरच्या इन्व्हर्टरवर स्कूटर लावू नका, तो या भारासाठी नसतो.

आता अर्थिंग. याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्या भागात याची गल्लत फार होते.

अर्थिंगचा खड्डा ओल्या मातीवर काम करतो. आत पाइप किंवा पट्टी, भोवती कोळसा आणि मीठ, आणि ओलावा. सोलापूरची जमीन वर काळी माती नाहीतर मुरूम, खाली कातळ. पावसाळ्यात बांधलेलं घर, तेव्हा उत्तम अर्थिंग आलेलं. मार्च-एप्रिलपर्यंत काळ्या मातीला भेगा पडतात, मुरूम तर पाणी धरतच नाही, आणि खड्ड्यात घातलेलं पाणी कोणाच्या ध्यानातही राहत नाही. खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. म्हणून ही तक्रार नेमकी उन्हाळ्यात येते आणि पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर आपोआप नाहीशी होते. लोकांना वाटतं गाडी सुधारली.

ओळखायचं कसं? चार्जिंग चालू असताना गाडीच्या उघड्या धातूला हात लागला की मुंग्या आल्यासारखं होतं. चार्जरच्या आतल्या फिल्टरमधून अगदी थोडा करंट बॉडीवर येतो. अर्थिंग नीट असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर तुमच्या हाताची वाट बघतो. मीटरने पाहायचं तर फेज-न्यूट्रल जेवढं येतं, जवळपास तेवढंच फेज-अर्थ यायला हवं. न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक, पाचच्या वर गेलं तर वायरमनला बोलवायची वेळ झाली. कारचा चार्जर तर अर्थिंग मिळालं नाही की चार्ज सुरूच करत नाही, लाल दिवा दाखवतो. "शोरूममध्ये चार्ज होते, घरी होत नाही" असं म्हणणाऱ्या कारवाल्यांनी सगळ्यात आधी हेच बघावं.

उपाय सोपा आहे. मीटरपेटीजवळचा खड्डा शोधा; अपार्टमेंटमध्ये तो पार्किंगच्या कोपऱ्यात सिमेंटच्या झाकणाखाली असतो. झाकण काढून आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी घाला. आपल्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे चांगलं पाणी घाला असं मी म्हणणार नाही. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी घाला. त्यात क्षार जास्त असतात, आणि इथे क्षार हवेच असतात. एवढं करूनही आकडे सुधारले नाहीत तर वायरचा नटबोल्ट गंजला आहे का ते पाहायचं, आणि शेवटी नवा खड्डा. काही जण न्यूट्रलच अर्थच्या पिनेला जोडून देतात, "आता चार्ज होईल" म्हणून. तसं कोणी करू लागलं तर त्याला हात लावू देऊ नका. बाहेर न्यूट्रल तुटला की गाडीची सगळी बॉडी फेजवर येते.

तक्रार तिसरी: तीस टक्क्यांवर अचानक बंद

आता पॅककडे वळू. पॅकमध्ये सेलचे गट एकामागे एक जोडलेले असतात. एनएमसीच्या ५१.८ व्होल्टच्या पॅकमध्ये असे १४ गट, एलएफपीच्या ५१.२ व्होल्टच्या पॅकमध्ये १६. त्यातला एक गट इतरांपेक्षा कमजोर पडला की तो आधी रिकामा होतो आणि आधीच भरतो. बीएमएसला एकाही गटाला हद्दीबाहेर जाऊ देता येत नाही. पंगतीतल्या एकाचं पोट भरलं म्हणून सगळ्यांना उठवावं, तसं चार्जिंगच्या वेळी होतं. आणि चालवताना एक उपाशी पडला म्हणून सगळी पंगत थांबते.

एक सोपी परीक्षा घरीच करता येते. तीस टक्क्यांना गाडी एकट्याने, सपाट रस्त्यावर, ताशी तीसने चालवा. नीट चालली, आणि तेवढ्याच टक्क्यांना डबलसीट चढावर बंद पडली, थोडं थांबून परत सुरू झाली, तर कमजोर गटाची शक्यता मोठी. भार पडला की त्या गटाचा व्होल्टेज खाली कोसळतो, भार निघाला की परत वर येतो.

पण घाई करू नका. कमजोर असणं वेगळं आणि असमतोल असणं वेगळं. गट चांगले असूनही काही महिन्यांत त्यांच्यात थोडा थोडा फरक साठतो. बीएमएस तो फरक भरून काढतं, पण बहुतेक गाड्यांत ते काम चार्ज शंभराच्या जवळ गेल्यावरच सुरू होतं, आणि फार सावकाश. समतोलाचा करंट ५० मिलिअँपिअर असेल आणि फरक एक अँपिअर-तासाचा पडला असेल, तर तो मिटायला २० तास लागतात. जो माणूस नेहमी सत्तर टक्क्यांवरच प्लग काढतो त्याच्या गाडीला ही संधी मिळतच नाही. म्हणून आठ-दहा दिवसांतून एकदा, गार वेळी, शंभर टक्के भरू द्या आणि भरल्यावर दोन-तीन तास चार्जर तसाच ठेवा. असं चार-पाच वेळा करून बघा. फरक पडत गेला तर पॅक चांगला आहे.

एलएफपीवाल्यांनी हे आवर्जून करावं. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या सगळ्या टप्प्यात जवळपास सपाट असतो, त्यामुळे चाळीस टक्के आणि सत्तर टक्के यांत व्होल्टेजवरून फरक करणं गाडीलाही अवघड जातं. ती करंट मोजून अंदाज बांधत राहते आणि अंदाज हळूहळू घसरतो. पूर्ण भरली की तिला पक्की खूण सापडते आणि आकडा परत जागेवर येतो. "तीस टक्क्यांवर बंद पडली" यातले ते तीस टक्के कधी कधी खरे नसतातच.

एवढं करूनही गाडी बंद पडत असेल तर सर्व्हिस सेंटरला जा, आणि "बॅटरी चेक करा" असं मोघम सांगू नका. लॅपटॉप लावून प्रत्येक गटाचा व्होल्टेज दाखवा म्हणा. एकदा गाडी उभी असताना, एकदा चाक उचलून नव्हे, माणूस बसवून भार देताना. एनएमसी पॅक पूर्ण भरून थोडा वेळ विसावल्यावर गटागटांत ३०-५० मिलिव्होल्टचा फरक चालून जातो. १०० च्या पुढे फरक असेल, आणि दर वेळी तोच गट मागे असेल, तर दोष त्याचा. स्क्रीनवरच्या त्या आकड्यांचा फोटो काढून घ्या.

लेड-ॲसिडच्या गाड्या

ई-रिक्षात बहुधा १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या असतात, मिळून ४८. चारही वेगवेगळ्या मोजा. पूर्ण चार्ज करून काही तास ठेवल्यावर १२.६ च्या आसपास हवी. भार दिल्यावर एकच जण १०.५ च्या खाली जात असेल तर ती बॅटरी गेली. मात्र तीन जुन्यांत एक नवी टाकली तर नवीही लवकर थकते, हे गिऱ्हाईकाला आधी सांगायला हवं. पाणी डिस्टिल्डच. बोअरचं पाणी घातलेल्या बॅटऱ्या मी उघडून पाहिल्या आहेत, प्लेटांवर पांढरे थर बसलेले असतात. उन्हाळ्यात पाणी लवकर उडतं, म्हणून स्टेशन ते सिद्धेश्वर मंदिर अशा दिवसभर फेऱ्या मारणाऱ्यांनी आठवड्याला झाकणं उघडून पाहावं.

बिघाड नाही, तरी रेंज कमी

गणित करून बघा, शंका मिटते. तीन युनिटची बॅटरी, म्हणजे ३००० वॅट-तास. शहरात एकट्याने सावकाश चालवलं तर किलोमीटरला साधारण ३० वॅट-तास लागतात, शंभर किलोमीटर मिळाले. आता तीच गाडी तुळजापूरला न्या. अंतर साधारण ४५ किलोमीटर, डबलसीट, वेग साठ-पासष्ट. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चाळीसच्या जागी साठने गेलात तर सव्वादोन पट. किलोमीटरला ४० वॅट-तास धरले तरी जाऊन-येऊन ३६०० लागतात. गाडीत तेवढे नाहीतच. वर चढ आहे: गाडी आणि दोन माणसं मिळून २६० किलो धरली, तर दर शंभर मीटर उंची चढायला ७० वॅट-तास नुसते वजन उचलण्यात जातात. दर्शन घेताना तिथे दोन तास चार्जिंग मिळालं तर उत्तम, नाहीतर ताशी पंचेचाळीसच्या वर वेग नेऊ नका.

टायरमधली हवा आठवड्याला बघा. मागचं चाक स्टँडवर उचलून, चावी बंद करून हाताने फिरवा; ब्रेक घासत असेल तर लगेच कळतं. आणि पूर्ण चार्ज असताना किंवा पॅक तापलेला असताना ब्रेकमधून वीज परत जात नाही, तो बिघाड नाही; भरलेल्या पॅकमध्ये जागा नसते, आणि तापलेल्या पॅकची आत येणारी वाट बीएमएसने बंद ठेवलेली असते.

कारवाल्यांसाठी दोन गोष्टी

मोठी बॅटरी ऐंशी टक्के, आणि गाडी उघडतही नाही, सुरूही होत नाही. इलेक्ट्रिक कारमध्येही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, आणि मोठ्या बॅटरीचा मुख्य स्विच तिच्यावरच ओढला जातो. ती बसली की सगळंच बसलं. उन्हात तिचंही आयुष्य कमी होतं. आधी ती मोजा, ती बदलायला फार खर्च येत नाही.

दुसरी गोष्ट हायब्रिडची. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत मोठ्या बॅटरीला थंड ठेवणारा पंखा मागच्या सीटजवळच्या जाळीतून हवा ओढतो. कारखान्यात चादरी-टॉवेलचे गठ्ठे नेणाऱ्यांच्या गाडीत त्या जाळीवर सुताचा केर नमद्यासारखा बसलेला असतो. हवा बंद, बॅटरी गरम, मग स्क्रीनवर इशारा आणि मायलेज खाली. जाळी काढून ब्रशने झाडली की बहुतेक वेळा काम होतं. त्यावर सामान ठेवू नका.

इथे मात्र थांबा

पॅकचा डबा फुगलेला दिसला, गोडसर रसायनाचा वास आला, सिस्स असा आवाज आला, गाडी उभी असताना पॅक आपोआप गरम होत गेला, किंवा पाण्यात गाडी बुडून गेली, तर वरचं काहीही करू नका. चार्जर काढा, गाडी जिना आणि दरवाजापासून लांब, मोकळ्या जागेत न्या आणि सर्व्हिसला फोन करा. धूर निघत असेल तर गाडीला हात न लावता लांब व्हा आणि अग्निशमन दलाला बोलवा. २०२२ मध्ये देशात ई-स्कूटरना आगी लागल्यावर एआयएस-१५६ हे सुरक्षेचे नियम कडक झाले, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. तुमची गाडी त्याआधीची असेल तर रात्री ती घरात, बाहेर पडायच्या वाटेवर चार्जिंगला लावू नका. पॅक कोणाकडूनही उघडून "सेल बदलून" घेऊ नका. वेगळ्या क्षमतेचे सेल घातले की असमतोल पहिल्या दिवसापासून सुरू होतो, आणि वॉरंटीही जाते.

वॉरंटीत दावा करायचा असेल तर आठवडाभर एका वहीत चार गोष्टी लिहून ठेवा: चार्ज कधी लावला, कितीवर होता, कितीवर थांबला, आणि तेव्हा ऊन किती होतं. सोबत सॉकेटवरचा व्होल्टेज आणि न्यूट्रल-अर्थचा आकडा. घरची लाइन ठीक आहे हे तुम्हीच आधी दाखवलंत की "तुमच्या घरच्या विजेचा दोष" असं सांगून तुम्हाला परत पाठवता येत नाही, आणि गटागटांचा व्होल्टेज काढून द्यावाच लागतो.